वीसपैकी चौदा

हार्लन फॉल्स, मिनेसोटा
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय बाबा,

तुमचं पत्र परवा मिळालं. आईच्या गुडघेदुखीला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. तिला माझ्याकडून दोन्ही गालांवर पापे, आणि सांगा, मी वेळेवर जेवते, गळ्याला मफलर गुंडाळते, केस ओले ठेवून बाहेर जात नाही. इथल्या पावाबद्दल मात्र विचारू नका. बोटाने दाबला की दबून तसाच राहतो, बिचाऱ्याला काही स्वाभिमानच नाही.

अभ्यास कसा चालला आहे, असं तुम्ही विचारलंत. इंग्रजी साहित्य हा विषय मी घेतला आहे, आणि राहण्याजेवण्याच्या बदल्यात कॅरल लिंडक्विस्ट यांच्या फ्रेंचच्या वर्गाला मदत करते. या कॅरलबाई इथे फ्रेंचच्या प्राध्यापक आहेत. पोरं त्यांना तोंडावर ‘कॅरल’ म्हणतात. नुसतं कॅरल! मी पंधरा दिवस ‘मॅडम, मॅडम’ करत होते, तर एकदा त्या म्हणाल्या, “अगं, मॅडम म्हटलं की मला वाटतं माझी सासू आली मागून.”

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही माणसं वेडी आहेत. मास्तरांनी प्रश्न विचारला की हात वर होतात. उत्तर येत असो वा नसो! एकाने तर साफ चुकीचं सांगितलं. मी मान खाली घातली, म्हटलं आता याची धडगत नाही. तर कॅरल काय म्हणाल्या? “वा, हे चुकलंय, पण मजेशीर चुकलंय. का चुकलं ते सगळे मिळून बघू या.” आणि तो मुलगा खूश! बाबा, तुमच्या वर्गात असं उत्तर कोणी दिलं असतं तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकावं लागलं असतं.

मी आपली मूग गिळून लिहून घेत होते. तर त्यांनी मला खोलीत बोलावलं.

“ओडिल, तुला बरं नाही का?”

“बरी आहे, मॅडम. मी ऐकत होते.”

“ऐकतेस ते दिसतं गं. पण तुला काय वाटतं, ते मला कसं कळणार?”

मला काय वाटतं! हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे फ्रान्समध्ये आधी सगळं वाचायचं, मग पाठ करायचं, मग परीक्षा, आणि चाळिशीत कधीतरी सवड मिळाली तर वाटून घ्यायचं. मी घाबरत घाबरत एक वाक्य बोलले. त्यांनी ते लिहून घेतलं. एका प्राध्यापकबाईंनी माझं वाक्य लिहून घेतलं, बाबा.

तुम्ही जूनचं विचारलं आहे. दिजाँला शिक्षक-परीक्षेच्या तयारीच्या वर्गात माझं नाव घालायचं, तर परतीची तारीख हवी, हे समजलं. अजून पुष्कळ अवकाश आहे. इथे लवकरच बर्फ पडेल म्हणतात.

तुमची
ओडिल


हार्लन फॉल्स
२७ नोव्हेंबर १९८८

प्रिय बाबा,

माझं मागचं पत्र तुम्ही तांबड्या शाईने तपासून परत पाठवलंत ते मिळालं. शेवटी शेरा आहे: ‘ओघ बरा. विरामचिन्हांकडे दुर्लक्ष. शेवटचा परिच्छेद अपुरा. १३.’ शेवटच्या परिच्छेदाचं तुम्ही बरोबर पकडलंत. मी खूप हसले, आणि मग ते खोलीत भिंतीवर लावलं. माझ्या खोलीतली टॅमी घाबरून म्हणाली, “तुझे वडील तुझ्यावर चिडलेत का?” मी म्हटलं, “छे गं! तेरा दिलेत. लाडात आहेत.”

आता हीच तांबडी शाई माझ्यावर कशी उलटली ते बघा.

कॅरल तीन-चार दिवस बाहेरगावी जाणार होत्या. जाताना त्यांनी मुलांचे निबंध माझ्यावर सोपवले. विषय होता ‘माझ्या घरातली एक जागा’. “वीसपैकी गुण दे, आणि परत वाटून टाक. माझा तुझ्यावर विश्वास आहे,” म्हणाल्या. एवढ्या मोठ्या विश्वासाने मला काय स्फुरण चढलं! तांबडी शाई विकत आणली. एकेक ओळ वाचली, समासात शेरे लिहिले. कोणाला नऊ, कोणाला अकरा. एका मुलीला बारा दिले तेव्हा वाटलं, जरा जास्तच झाले.

वर्गात वेंडल क्रूस नावाचा एक मुलगा आहे. घरी दुधाचा धंदा. धिप्पाड, बर्फावर हॉकी खेळतो, आणि फ्रेंच बोलतो ते लांबच्या गाईला हाक मारावी तसं. पण लिहिलं होतं काय सांगू! हिवाळ्यातला पहाटेचा गोठा. बाहेर सगळं गोठलेलं, आत गाईंच्या अंगाची वाफ, आणि थंड हात गाईला लागू नयेत म्हणून आधी स्वतःच्या मानेवर ऊब देणारा त्याचा बाप. वाचून मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग हात सैल सोडला आणि चौदा दिले. शेरा लिहिला: ‘बरं आहे. आणखी चांगलं लिहिता येईल.’

तुम्ही मला आजवर चौदा कधी दिले होते का? मी आपली मोठ्या दानशुरासारखी वर्गात शिरले.

निबंध वाटले आणि वर्गात सुतक पसरलं. एक मुलगी रडायला लागली. एकजण उठून बाहेर गेला. मला कळेना झालं काय. संध्याकाळी वेंडल माझ्या टेबलाशी आला. हातातली टोपी उगीच फिरवत होता. चिडला नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

“एक विचारू? माझं एवढं चुकलं कुठे? मी हा विषय सोडणार आहे, पण जाण्याआधी कळलं तर बरं.”

“चुकलं? अरे, तुझाच तर सगळ्यांत चांगला आहे! चौदा मिळालेत तुला!”

“आमच्याकडे चौदा म्हणजे कसंबसं पास. माझ्या शेळीलाही चौदा मिळतील.”

“आमच्याकडे चौदा म्हणजे फार झाले.”

“मग वीस कोणाला देता?”

“वीस देवाला. एकोणीस मास्तरांना. अठरा वर्गातल्या पहिल्याला, पण तेही उगीच म्हणायचं. देत कोणी नाही.”

त्याने जरा विचार केला. “देव बसतो का दरवर्षी परीक्षेला?”

मला हसू आवरेना, आणि त्याला माझं हसू बघून हसू आवरेना. पण बाबा, दहा-बारा मुलांना मी एका दमात नापास करून ठेवलं होतं, आणि तेही त्यांचं कौतुक करता करता!

कॅरल परत आल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं, आता कानउघाडणी होणार. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी निबंध हातात घेतले आणि समासातले शेरे वाचत राहिल्या, बराच वेळ. म्हणाल्या, “गुण मी बदलते, ते काही अवघड नाही. पण इतकं बारकाईने या मुलांचं कोणी वाचलेलं नाही, मीसुद्धा नाही. हे कुठे शिकलीस?”

मी म्हटलं, “घरी.”

मग त्यांनी मला शिक्षा दिली. तिला त्या शिक्षा म्हणत नाहीत. प्रत्येक मुलाला समोर बसवायचं आणि त्याच्या निबंधात काय चांगलं आहे ते तोंडाने सांगायचं. वाटलं, त्यात काय? पण पहिली मुलगी समोर बसली आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. चुका धडाधडा सांगता येत होत्या. चांगलं मला दिसत होतं, पण ते तोंडातून बाहेर यायला रस्ताच नव्हता! मी लाल झाले, ती लाल झाली. शेवटी मी म्हटलं, “तुझ्या आजीचं स्वयंपाकघर मला दिसलं.” ती मुलगी उजळलीच. एवढ्याशा वाक्याने माणूस उजळतो हे मला ठाऊक नव्हतं.

वेंडलला सांगितलं, “गोठ्यातलं वाचताना मला ऊब लागली.” तो म्हणाला, “मग हे कागदावर का नाही लिहिलंस?” त्याने विषय सोडला नाही.

तुम्हाला आठवतं का, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मला फ्रेंचमध्ये सतरा मिळाले होते? आपल्या आव्हालाँमध्ये त्या वर्षी तेवढे कोणालाच नव्हते. मी धावत घरी आले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, “उरलेले तीन कुठे सांडलेस?” आई हसली, मीही हसले. विनोद चांगलाच होता. मी फक्त विचारते आहे, आठवतं का.

जूनचं पुढच्या पत्रात लिहीन. आता इथे इतकी थंडी आहे की इंजिन गोठू नये म्हणून मोटारी रात्रभर विजेच्या तारेने खांबाला जोडून ठेवतात, गोठ्यात गुरं बांधावीत तशा.

तुमची
ओडिल


हार्लन फॉल्स
१२ मार्च १९८९

प्रिय बाबा,

आईचं पत्र आलं. तुम्ही परस्पर दिजाँला जाऊन माझं नाव घातलंत, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवालीपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांना सांगितलंत की ओडिल जूनमध्ये येते आहे, वर्षभरात शिक्षिका होईल, आणि जमलं तर तुमच्याच शाळेत लागेल. आई लिहिते, तुम्ही माझ्या खोलीत नवं कपाट करून घेतलं आहे. ते वाचून मी रडले. मग ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार, असं स्वतःला विचारलं, आणि आज लिहायला बसले.

मी जूनमध्ये येत नाही.

इथे मला आणखी दोन वर्षांसाठी ठेवून घेताहेत. पुढचं शिकायचं, आणि कॅरलबरोबर शिकवायचं. मी हो म्हटलं आहे. तुम्हाला विचारून म्हणायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं. मला स्वतःची खात्री होती, ती एवढीच.

तुम्हाला वाटेल, कौतुकाला भुलली. थोडी भुललेही आहे, खोटं कशाला बोलू? इथे कोणीही कोणालाही ‘अप्रतिम’ म्हणतं. सूप अप्रतिम, बूट अप्रतिम, मी खिडकी लावली तरी अप्रतिम. पहिल्यांदा मला वाटलं, ही खोटी नाणी आहेत. पण मग बघितलं, की या पोरांना चुकायची भीतीच नाही. माझ्या साहित्याच्या तासाला एक साठीच्या बाई येतात. नवरा गेल्यावर शिकायला लागल्या. पहिल्याच बाकावर बसतात आणि काहीच्या बाही विचारतात, आणि सगळा वर्ग त्यांच्यासाठी थांबतो. आव्हालाँमध्ये आपण त्यांना वेड्यात काढलं असतं. मला या लोकांचा हेवा वाटतो, आणि ते मला मनापासून आवडतात. माणूस अर्धवट असतानाच त्याला बरं म्हणायचं आणि मग तो बरा होतो, ही विद्या मला शिकायची आहे.

पण मला ही जागा का मिळाली, ते ऐका. समितीपुढे कॅरलनी माझे ते तांबडे शेरे ठेवले. “ही मुलगी प्रत्येक शब्द वाचते,” म्हणाल्या, “बोलायचं कसं ते आपण शिकवू तिला. वाचायचं कसं ते ती आपल्याला शिकवेल.” ते वाचणं माझं नाही, बाबा. रविवारी सगळं गाव जेवून पेंगत असताना तुम्ही टेबलाशी बसून पोरांच्या वह्या तपासायचात. ज्याला चार मिळणार हे आधीच ठाऊक आहे, त्याचीही शेवटची ओळ तुम्ही वाचायचात. मी समोर बसून बघत होते. तुम्ही कोणाचं कौतुक केलं नाहीत, पण कोणाला न वाचता सोडलंही नाहीत. याला काय म्हणायचं ते मला तिथे असताना कळत नव्हतं. इथे येऊन कळलं. माझ्या लेखी तुमच्याइतका मोठा शिक्षक नाही, इथेही नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला सांगते आहे. आपल्या घरात हा न सांगण्याचा रोग एकट्या तुम्हालाच नव्हता.

आता एक काम आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत मी इथे आले, तिच्यात यंदा इथून दिजाँला वेंडल जाणार आहे. हो, तोच, गोठ्यातला. वर्ग सप्टेंबरात सुरू होतील, पण तो जूनमध्येच निघतो आहे, भाषेची सवय व्हावी म्हणून. मी त्याला तुमचा पत्ता दिला आहे. माझी खोली रिकामी आहे, आणि कपाटही नवं आहे. त्याला उन्हाळाभर ठेवून घ्या. आईला सांगा, तो तीन माणसांचं जेवतो आणि प्रत्येक घासाला वाहवा करतो. तिला एवढी वर्षं आपण दोघांनी मिळून जेवढी वाहवा दिली नाही, तेवढी एका आठवड्यात मिळेल.

तो तुमच्याशी फ्रेंच बोलेल, आणि फार वाईट बोलेल. मोठ्याने बोलेल. चुकेल आणि हसेल. त्याला दुरुस्त करा, तो त्यासाठीच येतो आहे. तुमच्याकडून शिकायला मिळणार म्हणून आतापासून नाचतो आहे. पण एखाद्या दिवशी त्याचं एखादं वाक्य खरंच चांगलं उतरेल. तेव्हा त्याला तसं सांगा. नुसतं ‘चांगलं झालं’ म्हणा. सुरुवातीला जीभ अडते, मला माहीत आहे. दुसऱ्यांदा सोपं जातं.

त्याला सांगितलंत म्हणजे पुरे. मला नाही सांगितलंत तरी चालेल.

नाही, चालणार नाही. पण मी वाट बघेन.

जूनमध्ये न येणारी, आणि तरी तुमचीच,
ओडिल