उतारावरची गाडी

धुळे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामांना,
दिपूचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडीने पुन्हा धरला आहे, पण ती बसून राहत नाही. उन्हाळ्यात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा एक डबा तिने तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे. फोन केला की तुम्ही "बरं शे" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र.

मला वाहन शाखेत येऊन दीड वर्ष झालं. आपल्या खात्याच्या सतरा गाड्यांना जीपीएस यंत्रं बसली, तेव्हापासून त्यांचा तक्ता माझ्याकडे आहे. कोणती गाडी किती चालली, कुठे थांबली, थांबल्यावर इंजिन चालू होतं की बंद, रात्री कुठे उभी होती. दिवसभर पडद्यावर ठिपके बघते. आमच्या शाखेच्या अधिकारी रत्ना मॅडम म्हणतात, डिझेल वाचलं, काम चांगलं झालं. पुढच्या महिन्यात नाशिकला वरिष्ठांपुढे हा तक्ता दाखवायचा आहे. मला आनंद व्हायला हवा. नुसता थकवा येतो.

तुम्हाला नोटीस मिळाली असेल, तुम्ही चालवता त्या फैजपूरच्या जीपबद्दल. ती आमच्या शाखेतून गेली आहे. थांबलेल्या गाडीचं इंजिन रोज सरासरी अडीच तास चालू, आणि रात्री गाडी कार्यालयाच्या आवारात नसून दोन किलोमीटरवर पाटाच्या भरावावर, असं तक्त्यात दिसतं. मामा, सात दिवसांत खुलासा द्या. जे असेल ते लिहा. तुमची निवृत्ती ३१ मार्चला आहे. त्याआधी चौकशी लागली तर पेन्शन अडकते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गाडीच्या बॅटरीबद्दल तुम्ही मागे काही लिहिलं होतं का, मला नीट आठवत नाही. लिहिलं असेल तर तेही घाला.

आई विचारत होती, "मामाले असा कागद कोनी धाडा व?" मी म्हटलं, ऑफिसने.

जेवणाची आबाळ करू नका.

तुमची,
दिपू


धुळे,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामा,

तुमचा खुलासा मंगळवारी पोचला. तुमच्या कार्यालयातले शिपाई चिंधाभाऊ इकडे कामाला आले होते, तेच घेऊन आले. पूर्ण पानावर एकच ओळ. "माझी चूक मान्य आहे, पुन्हा होणार नाही." खाली तुमची सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं.

मी चिंधाभाऊंना पाणी दिलं. त्यांना आपलं नातं माहीत नाही. ते आपणहून बोलायला लागले.

"ताई, त्या जीपची बॅटरी जाऊन वर्ष झालं. जीवरामभाऊ रोज संध्याकाळी गाडी भरावावर नेऊन लावता आणि तिथून पायी घरी जाता. सकाळी ब्रेक सोडला का गाडी उतारावर सुरू."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर बंदच करायची नाही. एकदा सावद्याला केळीच्या गाड्यांमधी बंद पडली, तर साहेबांनी सफारी घालून धक्का मारला! भाऊ म्हणे, गाडी माझ्यासारखीच झाली, ढकलल्याबिगर उठत नाही."

ते हसले. मीही हसल्यासारखं केलं. विचारलं, "मग नवी बॅटरी मागायची नाही का?"

"तीनदा मागितली. तिन्ही वेळा कागद परत. शेवटच्या खेपेला मी म्हटलं, भाऊ, धुळ्याला जाऊन भांडा. त्यांनी कागदावरची सही पाह्यली, घडी केली आणि खिशात घातली. म्हणे, पोरीनं बरोबर लिहिलंय. कागद आपलाच कच्चा."

कोणती पोरगी, हे चिंधाभाऊंनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

मामा, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला आठवत होतं. पहिला कागद मी परत केला, कारण त्यावर जावक क्रमांक नव्हता. दुसरा, मेकॅनिकचा दाखला जोडलेला नव्हता म्हणून. तिसऱ्यात सगळं होतं. त्यावर मी शेरा मारला, "वाहन चौदाव्या वर्षात असून लवकरच मोडीत निघणार आहे, खर्च करू नये." तशी सूचना आहे, नियम नाही. शिरपूरची गाडीही चौदाव्या वर्षातलीच. तिच्या बॅटरीला मी त्याच आठवड्यात "मंजुरीस हरकत नाही" लिहिलं.

तुमच्या कागदावर मी जास्त कडक झाले, कारण तो तुमचा होता. मी रुजू झाले त्या दिवशी बसस्टँडवर तुम्ही म्हणाला होता, "मी तुझा कोण, हे तिथं सांगू नको. तुझ्यावर बोल यील." मी सांगितलं नाही. पण रोज धास्ती. कळलं कुणाला तर म्हणतील, मामाची गाडी म्हणून हात सैल सोडला. फैजपूरचा कागद टेबलावर आला की माझी मान आखडायची. चूक सापडली की बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

नोटीसही ऑफिसने पाठवली नाही, मी पाठवली. मसुदा माझा, आकडे माझे, "निष्काळजीपणा" हा शब्दसुद्धा माझा. मॅडमनी फक्त सही केली. तक्त्यात थांब्याला रकाना होता, इंजिनाला होता. उताराला नव्हता. आणि गाडी उतारावर का लावावी लागते, हे बॅटरीचे कागद परत करणाऱ्या मला एकटीला कळण्यासारखं होतं.

सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही मला जीपचं लॉगबुक द्यायचात. निघतानाचे किलोमीटर, पोचल्याचे किलोमीटर, मधली वजाबाकी मी करायची. आमच्या घरात तेव्हा मोठ्यांपैकी शाळेत गेलेलं कुणी नव्हतं, तुम्हीच काय ते चौथी. एकदा मी चुकलेला आकडा गिरवून गिरवून काळा केला, तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "असं नाही, दिपू. एक रेघ मारायची. वर बरोबर आकडा लिहायचा. शेजारी सही करायची. चूक दिसली पाहिजे, आणि कुणाची ते पण." त्यानंतर मी कधी खाडाखोड केली नाही. सगळे म्हणतात माझं काम स्वच्छ असतं.

गुरुवारी मी सगळं लिहून टिपणी मॅडमपुढे ठेवली. त्यांनी अर्धी वाचली.

"अगं, त्याने मान्य केलंय. आता कशाला उकरतेस?"

"मॅडम, ते माझे मामा आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "सख्खे?"

"सख्खे."

"आणि हे आज सांगतेस? सगळे म्हणतील, मामाला वाचवतेय."

"म्हणू द्या. तिन्ही शेऱ्यांखाली सही माझीच आहे."

"तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, दिपमाला. कळतंय ना काय लिहून देतेस ते?"

मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावून पुढची अर्धी वाचली. "मूळ कागद दाखव. नुसत्या तुझ्या टिपणीवर मला नोटीस मागे घेता येणार नाही. आणि त्याला म्हणावं, पहिला खुलासा रद्द करून दुसरा दे. पुढच्या शुक्रवारपर्यंत. नंतर फाइल वर जाईल, मग माझ्या हातात काही नाही."

मामा, शेरा मारलेला मूळ कागदच परत पाठवायची आमच्याकडे पद्धत आहे. इथे आवक वहीत तीन ओळींपलीकडे काही नाही. ते तीन कागद फक्त तुमच्याकडे आहेत, आणि ते तुम्ही का जपून ठेवलेत ते मला आता कळलं आहे. कुणाला दाखवायला नाही, माझे शेरे कुणाला दिसू नयेत म्हणून.

आईला आज सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "मना भाऊ ते कागद तुले देस नही. मी ओळखस त्याले." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तरी मांग."

म्हणून मागते आहे. सोबत दुसरा खुलासा तुमच्या नावाने लिहून पाठवला आहे. त्यात बॅटरी केव्हा गेली ते आहे, तिन्ही अर्जांच्या तारखा आहेत आणि भरावावर गाडी का लावता ते आहे. एकही शब्द वाढवलेला नाही. चिंधाभाऊंनी सांगितलं आणि आवक वहीत आहे तेवढंच. सही करून ते तीन कागद त्याला जोडा. येत्या गुरुवारी मी रजा टाकून पहिल्या एसटीने तुमच्याकडे निघते. टपालावर सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, पोरीची नोकरी नवी आहे, माझे चारच महिने राहिले, जाऊ दे. जाऊ देऊ नका. एकतीस वर्षं गाडी चालवून तुम्ही "चूक मान्य" लिहून घरी बसलात, तर पुढचे सगळे कागद मी कुठल्या हाताने तपासायचे? मला ओरडा. दारात उभी करून चार शब्द बोला. पण ती घडी उलगडा.

आणि मागचं पत्र ठेवलं असेल तर तेही काढा. "नीट आठवत नाही" या शब्दांवर एक रेघ मारा. वर लिहा, "आठवत होतं." शेजारी सही लागेल. ती ही इथे करते आहे, त्या तीन कागदांवर आहे तीच.

दिपमाला नवल सोनवणे
२३/११/२०२५