जे रेकॉर्डवर नव्हतं

आबा, यावलच्या लग्नात तुम्ही जे वाजवलं, त्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. तुम्ही असताना मलाच ते ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

धुळ्यात तुम्ही दिवसा जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या धुळीत उभे असायचात आणि लग्नसराईत सुट्टी टाकून बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचात. रविवारी सकाळी मात्र दोन्ही नाही. त्या वेळी आग्रा रोडवरच्या मारवाडी शेठच्या कापडदुकानात जाऊन बसायचं. मी मॅट्रिकला होते, तुमच्याबरोबर यायचे. शेठचा मोठा रेडिओ होता आणि त्यावर कुठल्याशा परदेशी केंद्राचं जाझ लागायचं. शेठ म्हणायचे, हे मांजरांचं भांडण तुम्हीच ऐका, आणि आतून आपल्याला चहा पाठवायचे. एका रविवारी एकट्या क्लॅरनेटची एक संथ धून लागली. सुरुवात स्वच्छ ऐकू आली, मग खरखर सुरू झाली आणि मधला सगळा भाग तिच्यात बुडाला. तुम्ही रेडिओच्या जाळीला कान लावून उभे. घरी येताना तुमची बोटं सदऱ्यावर चालत होती. पुढचे किती रविवार आपण गेलो, ती धून परत लागली नाही. पण तुम्ही ती वाजवायला लागलात, मधल्या भागासकट. मी विचारलं, मधलं तर ऐकूच आलं नव्हतं ना? तुम्ही म्हणालात, मला आलं.

मग मामेबहिणीचं लग्न. मामाच्या आग्रहावरून तुमचाच बँड ठरला होता. धुळ्याहून ट्रकमधून सगळे यावलला गेलात, मी आणि आई बसनं. बाकी सगळं ठीक झालं. मुलगी सासरी निघाली तशी बायका रडायला लागल्या आणि बँडला नेहमीचं बिदाईचं वाजवायचं होतं. तुम्ही ते सोडून ही धून धरलीत. बाकीचे वाजवणारे एकेक करून थांबले. आबा, ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की माझे वडील हे कोणीतरी आहेत. मधला भाग आला, खाली खाली उतरणारा, आणि नवरीची आईकडची आजी धाय मोकलून रडायला लागली. वरपक्षाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मामा गर्दीतून पुढे आला. ओरडला नाही. तुमच्या हातातल्या क्लॅरनेटवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, माझ्या लेकीच्या लग्नात मयताचं वाजवता?"

तुम्ही क्लॅरनेट खाली घेतलंत. बँडमास्तरांनी पाहुण्यांची हात जोडून माफी मागितली आणि धुळ्याला परतल्यावर तुम्हाला सांगितलं की, उद्यापासून येऊ नका. आईनं पुष्कळ दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं. तिचं माहेर तुटलं होतं, मी तिला दोष देत नाही.

खोकला आधीपासूनच होता. त्या हिवाळ्यात रक्त पडलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, छातीत कापूस बसलाय, जिन सोडा, आणि फुंकायचं तर आजच सोडा. मी म्हटलं, आबा, जिन सोडा, मी शिकवण्या घेईन. तुम्ही घरात असताना अहिराणीतच बोलायचात. म्हणालात, "दम मन्हा एकलाना शे, पोट बठ्ठासनं शे." दम माझ्या एकट्याचा, पोट सगळ्यांचं. फुंकणं सोडलंत. जिनमध्ये जात राहिलात. संध्याकाळी तुम्ही भिंतीला टेकून गुणगुणायचात आणि मी तुम्ही शिकवलेल्या बोटांनी ते तुमच्या क्लॅरनेटवर काढायचे. शेजारणी आईला विचारायच्या, पोरीचं लग्न करायचंय की नाही. आई आतूनच भांडी आपटायची, पण तिनं एकदाही थांबवलं नाही. पुढे तुमचं गुणगुणणंही धापेत मोडायला लागलं. मी थांबून राहायचे. तुम्ही हातानं खूण करायचात, चालू दे.

शेवटी वॉर्डात होतात. बोलणं तुटक. आई पाणी आणायला गेली होती. तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, "त्या रेडिओवरच्या माणसाचं मी बिघडवलं. नीट ऐकायला पाहिजे होतं." मला वाटलं, भ्रमात बोलताय. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

मी मुंबईला आले, हॉटेलांत वाजवलं, रेकॉर्डिंगं केली. एका म्हाताऱ्या गोवेकर सॅक्सोफोनवाल्यांकडे आम्ही वाजवणारे जमायचो. कोण कोणाला ऐकून मोठं झालं, कोणी कोणाची जागा उचलली, यावर तासन्‌तास गप्पा. माझी पाळी आली तेव्हा मी तुमची धून वाजवली. दोन ओळींतच त्यांनी ओळखली आणि कपाटातून रेकॉर्ड काढली. आबा, सुरुवात अगदी तीच. पण मधे ड्रम वाजायला लागले, क्लॅरनेट उड्या मारत वर गेलं, सगळं हसतंखेळतं. खाली उतरणारा तो भाग कुठेच नव्हता. मी त्यांना पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी सुई उचलली आणि म्हणाले, "तू मधे वाजवलंस ते इथलं नाही गं. ते तुझ्या बापाचंच."

मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात जाऊन बसले. तुम्ही कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. तुमचं स्वतःचं होतं, आणि तुम्ही ते चूक समजून गेलात. मामानं ते मयताचं म्हटलं, मास्तरांनी त्यापायी काढून टाकलं, आणि तुम्हीही त्यांचंच खरं धरलंत.

आता मुलाखतींत मला विचारतात, तुमच्यावर कोणाचा प्रभाव. मी तुमचं नाव सांगते. छापून येतं तेव्हा चार अमेरिकी नावं असतात आणि तळाशी 'वडील बँडमध्ये होते'. तो मधला भाग मात्र मी लोकांसमोर कुठेच वाजवत नाही. कोणी मागितला तर सांगते की तो घरचा आहे, बाहेर काढायचा नाही. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणून खरं कारण लिहिते. त्याचा शेवट मला आता आठवत नाही, आबा. घरी एकटी वाजवायला बसले की दरवेळी वेगळाच येतो.