चौदाशे कॅलरींचा माणूस

प्रिय बाबा,

गेल्या रविवारी संदीपचा फोन आला. "ताई, माझी शुगर वाढलीय. बाबांना करून दिलेला डाएट चार्टच मला पाठव ना. सात किलो उतरले होते त्यांचे." खराडीत दिवसभर खुर्चीला चिकटून बसणाऱ्या तुमच्या लेकाला सगळा तयार माल लागतो, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद काढायला मी खडकीला गेले. आई बघत होती. म्हणाली, "तो नको देऊस त्याला. उपाशी राहील पोरगा."

त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायचंय. समोर नाही आहात, म्हणून लिहितेय.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आहाराचा आणि तुमच्या जाण्याचा संबंध नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय. मी ते मानते. पण उपाशी राहिलात ते राहिलातच ना?

आहारतज्ज्ञ लेक म्हणून तुमचा चार्ट केला तेव्हा मी किती मिरवलं होतं! वय त्रेसष्ट, वजन एकाहत्तर. रोज चौदाशे कॅलरी, पासष्ट ग्रॅम प्रथिनं, दिवसभरात मीठ चमचाभर. श्रमांच्या रकान्यात 'निवृत्त, हलके' असं मीच भरून टाकलं. "सकाळी टेकडीवर जातो," एवढंच तुम्ही म्हणालात. आता पुण्यातले निवृत्त गृहस्थ टेकडीवर जातात ते चालायला कमी आणि मतं मांडायला जास्त. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. परक्या माणसाला विचारते हो, खोदून खोदून. बापाचं काय, ते आपल्याला माहीतच असतं असं वाटतं.

तुम्ही तिथे काय करत होतात ते परवा आईने सांगितलं. दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन, खालच्या टाकीपासून वरच्या कडुलिंबाच्या रोपांपर्यंत. रोज चार खेपा, उन्हाळ्यात सहा. मला का नाही सांगितलंत? की मी "या वयात कशाला" म्हणून बंद करीन, अशी भीती होती? तीही खोटी नव्हती म्हणा.

पण थोडी रागावलेही आहे तुमच्यावर. दारूगोळा कारखान्यात सगळी नोकरी काढलीत. तिथे कागदावरचं वजन म्हणजे वजन. अंदाजाने चिमूटभर जास्त घालणारा स्वतःबरोबर चौघांना घेऊन जातो, असं सांगायचात. बाबा, भाकरी म्हणजे बारूद नव्हे हो. आई अर्धी भाकरी पुढे करायची, तर तुम्ही तांब्याभर पाणी प्यायचात आणि म्हणायचात, "पोरीनं मोजून लिहिलंय. आपण कोण मधे बोलणार?"

आणि मी दर महिन्याला तुम्हाला काट्यावर उभं करून शाबासकी देत होते. पँट सैल झाली म्हणून तुम्ही पट्ट्याला नवं भोक पाडून आणलंत. त्याचा फोटो काढून मी पेशंटना दाखवत असे. आता तो मला बघवत नाही.

काल दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. तुमचा हिशेब नव्याने मांडला, खऱ्या खेपा धरून. दिवसाला दोन भाकऱ्या कमी पडत होत्या. वर्षभर, रोज दोन. माझ्या हातचं अक्षर होतं म्हणून तुम्ही त्या सोडल्यात.

संदीपला अजून काही लिहून दिलेलं नाही. शनिवारी त्याच्याकडे जाऊन नुसती बसणार आहे, त्याचा दिवस कसा जातो ते बघायला. तो चिडेल, चिडू दे. आणि तुम्हाला शब्द देते, यापुढे कुणालाही आकडे लिहून दिले की आठवड्याने मीच फोन करीन, आणि वजनाच्या आधी विचारीन, भूक लागते का.

तुम्हाला मी हे एकदाही विचारलं नाही.

उपाशी बुद्धाला खीर देणारीचं नाव तुम्हीच जिला ठेवलंत ती,
सुजाता