शेवटच्या बाकावरचे पाळक

आबा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून थोडं थांबावं लागतं. चेहरा लगेच समोर येतो, आवाज उशिरा. आणि येतो तोही उपासनेतला येत नाही. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणालात, "चल बाळ, मी तुला सोडून येतो," तो येतो. हे तुम्ही मला म्हणाला नव्हतात.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि ट्रेनिंग कॉलेजातून नाताळच्या सुट्टीला घरी आले होते. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, भाजीवालीशी आईचा रोज त्यावरून वाद व्हायचा. त्या दुपारी आम्ही मायलेकी तांदूळ निवडत बसलो होतो आणि ती मागच्या दारानं आत आली. माझी शाळेपासूनची मैत्रीण. वरवंडच्या एका विधवेची एकुलती एक मुलगी, मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलेली, वर्गात माझ्या शेजारी बसणारी. वर्षभरापूर्वी तिचं लग्न झालं होतं, आपल्या चर्चच्या मंडळीतल्या थोरल्या पंचांच्या मुलाशी. त्यांचा मोसंबीचा मळा होता, मुलगा नगर रस्त्यावर ट्रक चालवायचा, आणि उपासनेला त्यांचं घर पहिल्या बाकावर बसायचं. लग्न तुम्हीच लावलं होतं. बोर्डिंगातल्या पोरीचं नशीब उघडलं, असं सगळी वस्ती म्हणत होती.

ती अनवाणी आली होती. आईनं तिच्या पोलक्याची बाही वर केली, आत पाहिलं, आणि तेल गरम करायला ठेवलं. "मामी, दोन दिवस इथं राहू द्या," ती म्हणाली. "आईकडं गेले तर सासरचे वरवंडला येऊन भर चौकात तमाशा करतील. मागच्या वेळी केला. त्या घरात आता मला भीती वाटते." ती रडत नव्हती. चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून बसली होती. तुम्ही रविवारच्या उपदेशाची तयारी सोडून आत आलात. आई म्हणाली, "राहू द्या तिला. मी आजारी आहे, मदतीला ठेवून घेतलीय, असं सांगू." तुम्ही तिला विचारलंत, "नवऱ्याला सांगून आलीस का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. मग तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, शांतपणे, घाई न करता. "आज तुला इथं ठेवून घेतलं तर ते दार तुला कायमचं बंद होईल," तुम्ही म्हणालात. "मी थोरल्या पंचांशी बोलतो. ते माझं ऐकतील." आई चुलीकडं तोंड करून बसली. मी माझ्या चपला तिच्या पायात घातल्या. "येते गं," ती म्हणाली, आणि तुमच्यामागून निघून गेली.

तुम्ही दुष्ट नव्हतात. तसे असतात तर मला हे लिहायची गरजच पडली नसती. पाबळकडच्या एका उपाशी घरातून मिशननं तुम्हाला उचललं, जेवू घातलं, अक्षरं शिकवली. ऐकलं म्हणून शिकलो, शिकलो म्हणून जगलो, हे तुमच्या अंगात मुरलेलं होतं. बायकोनं नवऱ्याचं ऐकावं, मंडळीनं पाळकाचं, पाळकानं वरच्यांचं, आणि सगळ्यांनी देवाचं. घर असंच उभं राहतं असं तुम्हाला मनापासून वाटायचं. त्या संध्याकाळी परत आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. थोरल्या पंचांनी चहा दिला, मुलाला समोर बोलावून समज दिली, असं तुम्ही आईला सांगितलंत. आईनं विचारलं, "आणि ती?" तुम्ही म्हणालात, "ती आत गेली."

पंधरवडाही गेला नसेल. सकाळी मळ्याच्या विहिरीवर माणसं जमली आहेत, आणि मी धावते आहे, आणि कुणीतरी बाई मला धरून मागं ओढते आहे. मी तिला पाहिलं नाही. फक्त बाजेवर टाकलेलं ओलं लुगडं पाहिलं, त्यातून पाणी गळत होतं. पाणी शेंदताना पाय घसरला, असं थोरले पंच येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. त्यांच्या घरी पाणी शेंदायला गडी होता, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी पुण्याहून अध्यक्षसाहेब आले. आपल्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे ते प्रमुख. तुम्हाला शास्त्र शिकवणारे तेच, आणि तुम्हाला पाळकपदाची दीक्षा देणारेही तेच. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलात. मी आणि आई पडद्याच्या आत होतो.

"पोलीस विचारायला येतील," साहेब म्हणाले. "मुलगी सुखात होती, एवढंच सांगायचं."

"ती सुखात नव्हती, साहेब."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझ्या घरात बसून तिनं सांगितलं."

"म्हणजे पाळकापाशी सांगितलं. ते तुमच्यापाशीच राहायला हवं." साहेबांचा आवाज चढला नाही, उलट आणखी मऊ झाला. "आपल्यावर लोक आधीच टपून बसलेत. मिशनच्या शाळा बंद करा म्हणतात. उद्या हे बाहेर गेलं तर बोर्डिंगातल्या पन्नास पोरींना कोण सांभाळणार? दीक्षेच्या वेळी माझ्यापुढं गुडघे टेकून काय वचन दिलं होतं?"

"आज्ञेत राहीन, असं."

"मग राहा."

थोड्या वेळानं पोलीस आले, आणि ती आपल्या घरी आली होती हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत. संध्याकाळी तिला माती दिली. तुम्ही शास्त्रपाठ वाचलात आणि ती प्रभूमध्ये झोपी गेली असं सांगितलंत. थोरले पंच डोळे पुसत होते. तिचा नवरा खाली मान घालून उभा होता आणि साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर होता. घरी येऊन आईनं तुम्हाला ताट वाढलं आणि ती स्वतः उठून अंगणात जाऊन बसली. मी तुमच्याशी बोलले नाही. त्या आठवड्यात तुम्ही जेवत होता की नाही, ते मला आज आठवत नाही, इतकं मी तुमच्याकडं बघणं टाळलं होतं.

मग तो रविवार. प्रभुभोजनाचा रविवार होता. पांढऱ्या कापडावर मंडळीला वाटायच्या भाकरीचं तबक, शेजारी प्याले. तुम्ही तबक उचललंत, आणि तसेच उभे राहिलात. लोकांना वाटलं, प्रार्थना करताय. मग ते खाली ठेवलंत, पायऱ्या उतरून बाकांच्या मध्ये आलात आणि म्हणालात, "ही भाकर मी मोडू शकत नाही. आपण जिला मातीत ठेवलं ती मुलगी माझ्या दारात आली होती. तिच्या अंगावर मार होता. मला घरात घ्या म्हणाली. मी तिला परत नेऊन सोडलं. ती भीत होती हे मला माहीत होतं, आणि ते मी पोलिसांना सांगितलं नाही, कारण मला सांगू नको म्हणून सांगितलं होतं."

थोरले पंच उभे राहिले. "पाळकसाहेब, बसा खाली." तुम्ही बसला नाहीत. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली आणि त्यानं गीत सुरू केलं. आधी पुढचे बाक गाऊ लागले, मग मागचे. तुम्ही बोलतच होता. तुमचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होतं ते फक्त देवाच्या दयेचं गीत, सगळी मंडळी उभी राहून मोठमोठ्यानं गात होती. आई माझ्या शेजारी तोंड मिटून बसली होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिथं पुढं काळंनिळं झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काळा कोट घालून ठाण्यात गेलात आणि जबाब दिलात. फौजदारांनी लिहून घेतला, तुम्हाला खुर्चीही दिली. पुढं काही झालं नाही. मळ्यातला गडी, शेजारणी, दोन पंच, सगळ्यांनी पाय घसरला असं सांगितलं, आणि तेच कायम झालं. पंचांच्या त्या पोरानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मिशनच्या कमिटीनं तुमचं पाळकपद काढून घेतलं. कारण दिलं आज्ञाभंगाचं. तुम्ही खोटं बोललात, असं मात्र कुणीच म्हटलं नाही.

घर मिशनचं होतं, ते सोडायचं होतं. सामान बांधत असताना तिची आई वरवंडहून आली. ओट्यावर बसली, पाणी घेतलं नाही. तुम्ही तिच्यापुढं हात जोडून उभे होता. ती म्हणाली, "पाळकसाहेब, खरं बोललात तुमी. समदं गाव गात व्हतं तरी बोललात, मला सांगितलं लोकांनी. पन माझी पोर तुमच्या दारात आली व्हती, तवा का न्हाई बोललात?" ती थोडा वेळ उत्तराची वाट पाहत बसली, आणि मग पदर सावरून एस.टी. स्टँडकडं चालू लागली.

आपल्या मंडळीतलं कुणी सामानाला हात लावायला आलं नाही. पलीकडच्या आळीतले मुसलमान ड्रायव्हरमामा आपला ट्रक घेऊन आले. "कुठं जायचं पाळकसाहेब?" त्यांनी विचारलं. तुम्हाला पटकन सांगता येईना. आई म्हणाली, "दौंडला. तिथं माझा भाऊ आहे रेल्वेत." न्हावऱ्याच्या रस्त्यानं आपण निघालो. तुम्ही मागं गाद्यांवर बसला होता, तो काळा कोट घालूनच.

दौंडला रेल्वेतल्या माझ्या मामांनी तुम्हाला स्टेशनाबाहेरच्या कोळशाच्या वखारीत कामाला लावलं. तुम्ही कोळसा मापून द्यायचात. माझं ट्रेनिंग सुटलं, कारण ती जागा मिशनची होती. आई रेल्वेतल्या एकट्या माणसांचे डबे करू लागली. एकदा भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "तुझे आबा बरोबर वागले. पण बरोबर वागायच्या आधी मला एकदा विचारलं असतं, तर मी मनाची तयारी तरी केली असती." एवढीच तिची तक्रार. नंतर कधी बोलली नाही.

रविवारी तुम्ही दौंडच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचात. नखांतला कोळसा कितीही धुतला तरी जायचा नाही, म्हणून हात मांड्यांखाली धरून बसायचात. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढं जायचे आणि तुम्ही जागेवरच. तुम्हाला कुणी मनाई केली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आणि महिन्यातून एकदा तुम्ही सायकलवर वरवंडला जायचात. एकदा मीही एस.टी.नं तिथं गेले होते. तुम्ही तिच्या आईच्या ओट्यावर बसला होता. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि ती आत निघून गेली. तुम्ही पाणी प्यालात, थोडं थांबलात, उठलात. ती वारेपर्यंत हे असंच चाललं. ती तुमच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तुम्ही जायचं थांबवलं नाहीत.

मग काही वर्षांनी अध्यक्षसाहेब दौंडला उपदेशाला आले. म्हातारे झाले होते, काठी होती. उपासना संपल्यावर चालत शेवटच्या बाकापाशी आले. मी तुमच्या शेजारी होते.

"दोन ओळी लिहून द्या," ते म्हणाले. "आज्ञा मोडली, चूक झाली, एवढंच. पद परत मिळवून देणं माझ्याकडं लागलं. माणसं कमी आहेत हो आपल्याकडं."

"आज्ञा मोडली हे खरं आहे, साहेब," तुम्ही म्हणालात. "ते लिहून देतो. ती चूक होती असं नाही लिहिता येणार. माझी चूक आज्ञा पाळली ती होती. त्याची माफी मी जिथं मागायची तिथं मागतोय. अजून मिळाली नाही."

साहेब थोडा वेळ तुमच्याजवळ बसले. त्यांचेही डोळे भरले होते. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. जाताना त्यांनी तुमचा हात धरला आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीला काळं लागलं. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही. वखारीतच तुम्हाला खोकला लागला, आणि त्या खोकल्यातच तुम्ही गेलात. तुमच्या मातीला दौंडच्या पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, तुमच्याबद्दल मात्र काही सांगितलं नाही. काय सांगावं, हे त्यांना ठाऊक नसावं.

मी नंतर बाहेरून परीक्षा दिल्या, शिक्षिका झाले, आता तीही नोकरी संपली. तुमच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. तुम्ही परत आलात त्या संध्याकाळचं तुमच्या चेहऱ्यावरचं समाधान मला आजही सहन होत नाही. आणि तरी, भरल्या चर्चमध्ये सगळे गात असताना एकटा बोलत राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ही दोन्ही माणसं एकच होती, हे मला अजून नीट जमवता आलेलं नाही. जमेल असंही वाटत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. गेल्या रविवारी आमचे नवे पाळक, तरुण पोरगा आहे, घरी चहाला आले होते. त्यांनी सहज विचारलं, "तुमचे वडील शिरूरला पाळक होते ना? मग दौंडला कसे आले?" मी त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली आणि म्हणाले, "बदली झाली." आजवर ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला मी हेच सांगत आले आहे, आबा.