काचेवरचं बोट

आंधळगाव, १० ऑगस्ट २०२५

चि. हर्षास, बाबाचे अनेक आशीर्वाद.

बंगळुरूहून तुझं पत्र आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या थेंबांचे फोटो मिळाले. धानाचा रोवणा आटोपला होता, म्हणून निवांत पाहिले. पाण्यातच पाण्यासारखे थेंब, ना साल ना कातडी, तरी विरत नाहीत. रंग टाकला की आत ओढून घेतात. आणि त्यातल्या एकाचे दोन झाले! ते सजीव नाहीत, असं तू दोनदा लिहिलंस, ते ध्यानात आहे. पण पहिल्या जीवाच्या आधी असंच काही असेल, या विचाराने मी शेताच्या धुऱ्यावर उभाच राहिलो. देवाने किती सावकाश काम केलं असेल!

काल मारुतीच्या देवळात भजन झाल्यावर मी उठून सांगितलं, की पोरीच्या थेंबाचे आपणहून दोन झाले. पेटीवाला डोमा म्हणे, आमच्या घरी दोघं भाऊ आपणहून वेगळे झाले, तवा काहून नाही टाळ्या वाजवल्या? तुझ्या आजीने तर बारशाला वाटतात तशा घुगऱ्या वाटल्या.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा, तुलाराम

बंगळुरू, १६ ऑगस्ट

ती. बाबांना, हर्षाचा शि. सा. नमस्कार.

घुगऱ्यांचं वाचून रडूच आलं. बाबा, थेंब आपणहून दुभंगला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसेना, म्हणून मी वरची काच बोटाने दाबली होती, भात शिजला का पाहायला शीत दाबतो तशी. चित्रफीत पुन्हा पाहिली तेव्हा कळलं. एक तारखेला आमचा शोधनिबंध छापायला जाणार, त्यावरच माझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ ठरणार. माझ्या मार्गदर्शक रत्नमाला मॅडमना सांगायची हिंमत होत नाही. रागवा, पण लिहा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
हर्षा

आंधळगाव, २४ ऑगस्ट

चि. हर्षास, अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. काल भजनानंतर पुन्हा उभा राहिलो आणि माझे शब्द परत घेतले. पोरीचं बोट लागलं होतं, असं सांगितलं. डोमा म्हणे, काका, आमाले पहिलंच कुठं समजलं होतं, आता कायले सांगून राहिले? सगळे हसले. मला ते सोपं गेलं नाही. पण न सांगता पुढच्या शनिवारी टाळ हाती धरवला नसता. माझं मी निस्तरलं, तुझं तू ठरव. मुदत नाही वाढली तर घर आहेच.

आजीने जन्मभर सुईणपण केलं. ती म्हणते, लेकरू येते तवा सुईन हात बांधून बसते का? पोरीनं हात लावला तं लावला, लपवते कायले? मला वेगळंच नवल वाटतं. दाबल्यावर थेंब विस्कटला नाही. त्याचे दोन झाले आणि दोन्ही पुरते गोल!

जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
बाबा

बंगळुरू, ६ सप्टेंबर

ती. बाबांना, शि. सा. नमस्कार.

मॅडमना सांगितलं. निबंध थांबला, मुदतवाढीचं काहीच नक्की नाही. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि काचेवर मोजून भार ठेवायला सांगितला. पहिल्या जीवाआधीच्या जुन्या समुद्रात लाटा होत्या, खडक होते, थेंबांना कोणी तरी ढकललंच असेल, असं त्या म्हणाल्या.

आज वीसपैकी अकरा थेंबांचे दोन झाले. नऊंचे झाले नाहीत. तेही लिहिलं. आजीला सांगा, या वेळी हात कुणाचा होता ते वहीत पहिल्याच ओळीत आहे.

सगळ्यांना नमस्कार. पत्र पाठवत राहा.
हर्षा