पिक्चरच्या क्रमाने

३ फेब्रुवारी, सकाळ

आणि वर हे मलाच विचारतात, "रस्त्यात आधी बंगला लागतो, मग आधी बंगला बघितला तर काय बिघडतं?" काय बिघडतं! उभा जन्म मालाचा ट्रक हाकला, पण सरळ रस्त्यापलीकडे डोक्यात काही शिरलं नाही. अहो, पिक्चरमध्ये बंगला इंटरव्हलनंतर येतो. हिरो-हिरॉइनची अजून ओळखसुद्धा झाली नाही आणि आपण तिच्या बापाच्या बंगल्यात जाऊन उभं राहायचं? कोण म्हणून? आधी स्टेशन, तिथे भेट. मग टेकडीवरचं एकटं झाड, तिथे गाणं. मग बंगला, तिथे बापाचा थयथयाट. आणि शेवटी पूल, तिथे क्लायमॅक्स. जिथे जिथे शूटिंग झालं तिथे तिथे जायचं, पण पिक्चरच्या क्रमाने. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत माझ्या हाताखालच्या बायकांना एका दमात कळलं. ह्यांना चारदा सांगितलं. शेवटी गप्प बसले. म्हणजे पटलं.

ह्यांना मागच्या महिन्यात कंपनीने निवृत्त केलं. म्हटलं, आजवर दुसऱ्यांसाठी गाडी चालवलीत, आता माझ्यासाठी चालवा. बायकोने एवढी हौस दाखवली की माणूस नाचला असता. हे बनियनची घडी घालत बसले.

ही वही कोणाला दाखवायची नाही. मागच्या वर्षी जाऊबाई फिरून आल्या आणि महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. मी तशी नाही. मी लिहून मोकळी होणार.

गाडी दिराची. किल्ली देताना तोंड असं केलं, जसं काही मी त्याचं मूत्रपिंडच मागितलं.

दुपार

बंगला आला. मी डोळे मिटून घेतले. हे म्हणाले, "अगं, हाच ना? गेट सताड उघडं आहे, माणसं आत जातायत." म्हटलं, हाका गाडी. "पुन्हा इकडे यायचं म्हणजे..." म्हणाले, तर मी कानांवरही हात ठेवले. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळ

फाट्यावर गाडी बंद. एक गॅरेज, एक चहाची टपरी, बाकी नुसता वारा. गॅरेजचा मेस्त्री एकटाच, तोंडाने अखंड चालू. ह्यांना बघितल्याबरोबर म्हणाला, "या काका, तुम्ही लायनीतले दिसता." दोघांनी मिळून इंजिनात डोकं घातलं ते चहा गार होईपर्यंत बाहेर काढलं नाही. काय तुटलं होतं विचारलं, तर हे म्हणाले, "काही नाही, पट्टा सैल होता." पट्टा घट्ट करायला एवढा वेळ? पण बोलले नाही. प्रवासात भांडायचं नाही असं ठरवलंय. फक्त त्यांनी.

४ फेब्रुवारी

स्टेशन बघितलं. बघितलं म्हणजे, आहे. पण हिरॉइन ज्या बाकावर बसून रुमाल विसरते तो बाकच नाही. स्टेशन मास्तर म्हणे, "बाई, तो बाक शूटिंगवाल्यांनीच आणला होता, त्यांनीच नेला." मी म्हटलं, तुम्ही इथे नवीन दिसता. म्हणे, "नोकरीची सुरुवात इथेच केली, पुढच्या वर्षी रिटायर होतोय." म्हटलं, तरी नवीनच. माझ्याइतक्या वेळा तो पिक्चर बघितला असता, तर असं बोलले नसते.

बाक असायला हवा होता त्या जागी उभी राहिले. हे फोटो काढत होते. म्हटलं, इथून पुलापर्यंत तेवढी प्रॅक्टिस करा. मागणं फार मोठं नाही. पुलावर क्लायमॅक्सला हिरॉइन वाट बघत असते, सगळे म्हणतात तो येणार नाही, आणि तो येतो. म्हणतो, "उशीर झाला, पण आलो." चार शब्द. ते ह्यांनी त्या पुलावर, मी उभी असताना, एकदा म्हणायचे. एवढ्यासाठी ही सगळी यातायात. लग्नात नाव घ्यायला लावलं होतं तेव्हाही हे खोकले होते.

आज म्हटलं, म्हणून दाखवा. हे म्हणाले, "उशीर झाला." मी म्हटलं, पुढे? म्हणाले, "नाही, खरंच उशीर झाला, उन्हं उतरली, निघू या."

५ फेब्रुवारी

टेकडी स्टेशनपासून जवळच असणार, हे मी खात्रीने सांगितलं होतं. पिक्चरमध्ये हिरो स्टेशनवरून पळत सुटतो आणि थेट टेकडीवर. केसही विस्कटत नाहीत. आता ती टेकडी फाट्याच्या दुसऱ्या अंगाला निघाली, अख्ख्या दिवसाच्या रस्त्यावर, तर ती काय माझी चूक? ह्यांनी आधी सांगायला हवं होतं. म्हणे सांगितलं होतं. असं सांगतात का? ठासून सांगावं.

फाटा आला आणि गाडीला पुन्हा खोकला. नेमका तिथेच. मी म्हटलं, दिराने गाडी नीट ठेवली नाही. हे म्हणाले, "हं, तसंच काहीतरी." मग हे आणि मेस्त्री गाडीखाली. मी टपरीवर. तेवढ्यात गाडीखालून हसण्याचा आवाज. मला वाटलं मेस्त्री. नाही, हेच! इतके मोठ्याने हसले की टपरीवरची कुत्री उठली. माझ्याबरोबर इतक्या वर्षांत असं हसू कधी फुटलं नाही. डिझेलचा वास डोक्यात गेला असणार.

६ फेब्रुवारी

टेकडीवर एकही एकटं झाड नाही. शेळ्या राखणारी एक म्हातारी म्हणाली, "ते झाड कुठलं गं? तोडलेलं झाड आणून खड्ड्यात रोवलं होतं त्यांनी. कागदाची फुलं बांधली होती. ते गेल्यावर मी सरपणाला नेलं. छान जळलं." वय झालं की माणसाला काहीही आठवतं. मी मोबाइलच्या टॉवरजवळचं एक झाड पक्कं केलं. एकटं नव्हतं, पण बाकीच्यांकडे पाठ केली की एकटंच वाटतं.

गाणं म्हटलं. पहिलं कडवं. शेळ्या पांगल्या.

हे सावलीत बसले होते. म्हणाले, "मला आता गाडी चालवायची नाही गं. कुठेतरी एका जागी बसावं असं वाटतं." म्हटलं, बसा की, कोण नको म्हणतंय? थोडा वेळ बसा, मग बंगल्याकडे निघायचंय. त्यावर माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ऊन लागलं असावं. टोपी घाला म्हणून सकाळीच सांगितलं होतं.

८ फेब्रुवारी

उलट सगळा रस्ता कापून बंगल्यावर आलो. फाट्यावर पुन्हा थांबलो, ते आता लिहीतही नाही.

गेटला कुलूप. वॉचमन म्हणे, "तुम्ही पाच दिवसांपूर्वी यायला हवं होतं मावशी. मालक आले होते, येईल त्याला हाताला धरून आत दाखवत होते. चहा पाजत होते. काल परदेशी गेले." मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. हेही काही बोलले नाहीत. हेच मला सहन होत नाही. माणसाने एकदा तरी "मी सांगितलं होतं" म्हणावं, म्हणजे आपल्याला भांडता येतं.

वॉचमन पुढे म्हणतो, "आणि तो गोल जिना शोधत असाल तर आत जिनाच नाही. बंगला बैठा आहे. आतलं सगळं स्टुडिओत केलं." म्हटलं, मग हिरॉइन रडत वर जाते ती कुठे जाते? म्हणे, "ते त्यांनाच ठाऊक." काडीचं ज्ञान नाही आणि गेटवर उभा केलाय.

कुंपणावरून वाकून फोटो काढायला लावला. पायाला तार लागली. कलेसाठी एवढं चालायचंच.

९ फेब्रुवारी

आज पुलाकडे निघालो. मी साडी नेसले, हिरॉइन नेसते तसल्या रंगाची. हे म्हणाले, "छान." पण आरशात बघून म्हणाले, गाडीच्या. मागून ट्रक येत होता, त्याला म्हणाले असतील.

मी म्हटलं, आता तरी डायलॉग म्हणा. एकदा. माझ्यासाठी.

तर एकाएकी बोलायला लागले. म्हणे, "इतकी वर्षं आलोच की मी. पहाटे आलो, भर पावसात आलो, ताप अंगात घेऊन आलो. कोपऱ्यावरून हॉर्न वाजवायचो, तुला कळावं म्हणून. तू एकदा तरी दारात आलीस? आतून ओरडायचीस, दार उघडंच आहे, चपला बाहेर काढा. आणि टीव्हीवर तो पिक्चर लागला असला, तर तेवढंही नाही."

मी म्हटलं, मग? दार उघडंच असायचं ना? त्यात वाईट काय वाटायचंय? हिरॉइनला दार नव्हतं म्हणून ती पुलावर उभी राहिली.

त्यानंतर फाट्यापर्यंत मी खिडकीतून बघत होते. डोळ्यात धूळ गेली. काच खाली असली की जातेच.

फाट्यावर क्लच गेला. ह्या वेळी खरंच गेला. मेस्त्रीचं तोंड पडलं होतं. म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. मग हे म्हणतात, "मेस्त्री म्हणतोय, इथेच राहा काका, मला अनुभवी माणूस पाहिजे. मागे खोली आहे. मोकळी आहे, हवेशीर आहे. मी राहतोय. तू पण राहा." म्हटलं, मी राहून काय करू, नटबोल्टांना इस्त्री? मेस्त्री हसला. हे नाही हसले. थकले की हे अशी काहीतरी चेष्टा करतात.

१० फेब्रुवारी

सकाळी म्हणाले, "ही बस पुलावरूनच जाते. तू बघून ये. मी येणार नाही." बॅग वर ठेवून दिली, पाण्याची बाटली हातात दिली, उतरले.

बस सुटल्यावर माझी ट्यूब पेटली. "मी येणार नाही"! अहो, क्लायमॅक्सच्या आधी हिरो हुबेहूब हेच म्हणतो! म्हणजे इतके दिवस गप्प राहून मनात सगळा सीन बसवला होता तर. मेस्त्रीलाही सामील करून घेतलं असणार. मेले दोघेही नाटकी. बसमध्ये मला हसू आवरेना. शेजारची बाई सरकून बसली.

पूल नवीन आहे. जुना पाडला. हरकत नाही, नदी तीच आहे, पाणी असतं तेव्हा. मी बरोबर मधोमध, कठड्याला हात लावून, हिरॉइनसारखी थोडी वाकडी उभी राहिले. ट्रक जात होते. प्रत्येक हॉर्नला मी वळून बघत होते. एक ट्रकवाला ओरडला, "मावशी, जीव द्यायचाय का?" म्हटलं, शूटिंग आहे, पुढे हो.

पुलाच्या टोकाला शेंगा विकणारी एक बाई होती. दुपारी आली, म्हणाली, "कोणाची वाट बघताय?" म्हटलं, नवऱ्याची. म्हणाली, "सांगून गेलेत का येतो म्हणून?" म्हटलं, येणार नाही असं सांगून गेलेत. तिने मला तिची सतरंजी बसायला दिली. कोण कुठली, पण समज होती.

ऊन उतरलं. परतीची शेवटची बस आली. पिक्चरमध्ये बस नाही, म्हणून मी आधी चढले नाही. मग कंडक्टर काहीतरी बोलला, मग चढले.

बस फाट्यावर थांबली. हे गॅरेजबाहेर टायरवर पाय पसरून बसले होते. अंगात मेस्त्रीचा निळा शर्ट, हातात कप. इतकं निवांत बसलेलं मी ह्यांना घरीसुद्धा बघितलं नाही. मला बघून उठले. मी उतरू शकले असते. बॅग हातातच होती. पण उतरले नाही. त्याने तिच्याकडे यायचं असतं, तिने त्याच्याकडे नाही. सगळा क्रमच उलटा झाला असता.

ह्यांनी हात वर केला. बस सुटली. हे पळाले नाहीत. गुडघे दुखतात त्यांचे.

१२ फेब्रुवारी

कामावर बायका फोटो मागतात. काल नीट बघितले. ह्यांनी ढीगभर काढलेत. एकातही लोकेशन धड नाही. सगळ्यांत मीच. स्टेशन मास्तरांशी भांडताना मी. शेळ्यांवर ओरडताना मी. कुंपणात अडकलेली मी. झोपेत तोंड उघडं टाकलेली मी. मागे ना स्टेशन, ना टेकडी. कॅमेरा धरायची अक्कल नाही. बायकांना म्हटलं, फोटो धुवायला टाकलेत. एक नवीन मुलगी म्हणाली, "आता कोण धुतं मावशी?" तिला ऑपरेशन थिएटरच्या चादरी लावल्या.

दीर येऊन थयथयाट करून गेला. शनिवारी गाडी आणायला फाट्यावर जाणार आहे. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "भावजी कायमचे राहिले म्हणे तिकडे?" म्हटलं, कायमचे कशाला, पार्ट यायचाय. म्हणाल्या, "पार्ट आला. गाडी चालू झाली." जाऊबाईंना सगळं आधी कसं कळतं?

फोन केला तर उचलतात. जेवलात का, "हं." बरं आहे ना, "हं." येणार कधी, तर मागे मेस्त्री कशावर तरी हातोडा मारायला लागतो.

म्हणून दिराजवळ निरोप देणार आहे. तो घोळ घालेल, म्हणून आधी इथे नीट लिहून काढते.

अहो, गोळ्या डाव्या खिशात आहेत, निळ्या सकाळी घ्यायच्या. त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, पाणी आत येतं की बाहेरून आणावं लागतं, आणि फाट्यावर कपड्यांना इस्त्री करून देणारं कोणी आहे की सगळे तसेच चुरगळलेले फिरतात, हे सांगा. सहज विचारतेय. बसवाले, ट्रकवाले थांबतात म्हणून विचारतेय. त्यावरून लगेच अर्थ काढत बसू नका. आणि मुख्य म्हणजे तुम्ही इकडे येणार आहात की मी तिकडे यायचं, ते एकदाचं सांगा. हो म्हणा, नाही म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण फोनवर हं करू नका. दीर शनिवारी संध्याकाळी परत निघेल. त्याच्याजवळ उत्तर द्या. शनिवार म्हणजे शनिवार. रविवारी चालणार नाही.