तिसऱ्या अंकातली कुत्री

बाबा, मागच्या आठवड्यात गावाहून दोन मुलं आली होती. तुमचं नाटक त्यांना यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पुन्हा उभं करायचं आहे. त्यातला एक आपल्या शिंप्याचा नातू. आजोबा नाटकात मुलीचं काम करायचे, ते त्याने त्यांच्याच तोंडून ऐकून पाठ केलंय. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने विचारलं, "ताई, तिसऱ्या अंकातला कुत्रीचा सीन ठेवू ना? लोकायले तोच पाहिजे." मी म्हटलं, विचार करून कळवते. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि जी परवानगी तुम्ही माझ्याकडे कधी मागितली नाही ती आता मी परक्या मुलांना द्यायची.

आणीबाणी उठली त्या वर्षीची मंडई आठवा. भाऊबीज झाली की रेंगीला बैल जुंपून आपण एकोडीहून दिघोरीला निघायचो. घरच्यांचा प्रवास म्हणायचा तो वर्षातून तेवढाच. रेंगीत धानाच्या तणसावर माय, मी, हार्मोनियमची पेटी आणि पोशाखांची ट्रंक. पेटीला ऊन लागू नये म्हणून तुम्ही तिच्यावर घोंगडी टाकायचात. आम्हाला ऊन लागलं तर लागलं. आपली कुत्री चाकाच्या सावलीत धावते आहे. दमली की मी तिला वर ओढून घेते, आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, उतरव तिला, पोशाखाला केस लागतात. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही ते एकदा वापरलंत, पुरे झालं.

त्या वर्षी पोचल्यावर कळलं, दिघोरीत दुसऱ्या गावचं नाटक ठरलं होतं. ज्यांच्या शेतात मांडव पडायचा त्या मालकांना तुम्ही जाऊन भेटलात. बोलता बोलता त्यांना कुत्री आवडली. धानाच्या खळ्यावर राखणीला अशीच पाहिजे, म्हणाले. तुम्ही तिथेच दोर मागवलात. नाटक तुमचं झालं. परत निघालो तेव्हा ती खळ्यावरच्या खुंटाला बांधलेली होती. भुंकत नव्हती, नुसती रेंगीकडे बघत होती. मी ओरडले नाही, हट्ट केला नाही. एवढंच विचारलं, "तिले पानी कोन देईन?" तुम्ही कासरा हातात घेतलात. म्हणालात, "चूप बस. कुत्रीच तं आहे."

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही नवं नाटक लिहिलंत. धानाची रोवणी आटोपली तशा दुपारच्या तालमी आपल्या छपरीत सुरू झाल्या. शिंप्याने मिशी उतरवली की त्याची बायको त्याला, बाई, चहा घेता का, असं विचारायची. त्या दिवशी चहा मीच घेऊन आले. तिसरा अंक चालू होता. सासरी निघालेली मुलगी दारातल्या कुत्रीला हाक मारते, तिच्याच नावाने, आणि बापाला विचारते, तिले पानी कोन देईन. पेटीवाल्याने भाता सोडून दिला. मग शिंपी डोळे पुसत म्हणाला, "कुठून सुचते जी दादा तुमाले हे?" मी तुमच्यासमोर उभी होते. कप नुकताच तुमच्या हातात दिला होता. तुम्ही एक घोट घेतलात.

"सुचते असंच."

कुत्री दिलीत ते मी कदाचित विसरले असते. जनावरं दिली जातात, विकली जातात, हे शेतकऱ्याच्या घरात पोरांना लवकर कळतं. "सुचते असंच" मी विसरणार नाही. तुमच्या नाटकांबद्दल माय कधी काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी चुलीपुढून म्हणाली, "कुत्री देल्ली ते देल्ली, पोरीचं रडनंबी देऊन टाकलं तुमी." तुम्ही भात कालवत राहिलात. दिवाळीनंतर ते नाटक घेऊन तुम्ही दिघोरीला गेलात. मी पोट दुखतं सांगून आत्याकडे राहिले. परत आल्यावर मायने सांगितलं, खळ्यावर दुसरंच कुत्रं आहे. आपली होळीच्या आत दोर तोडून निघून गेली होती. घरी ती कधी पोचली नाही. आणि नाटकाला लोक रडले म्हणे. ज्यांनी तिला बांधून ठेवलं होतं, ते मालकसुद्धा.

मीही लिहिते. पहिलं पुस्तक तुमच्या हयातीत आलं, ते वाचून तुम्ही म्हणालात, कोरडं आहे. आता समीक्षक लिहितात, लेखिकेचा संयम वाखाणण्यासारखा. कसला संयम. कुणाच्या तोंडचं वाक्य त्याला न विचारता घ्यायचं नाही, असं एकदा ठरवलं की लिहायला उरतं किती? माझ्या घरात दोन मांजरी म्हाताऱ्या होऊन गेल्या. दुसरी जाताना मी तिच्याशी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते मी लिहिणार नाही. हा तुमच्यावरचा राग आहे, बाबा. लोक त्याला शैली म्हणतात.

आज सकाळी त्या मुलाला फोन केला. प्रवेश ठेव म्हटलं, कुत्रीचं नाव बदल. तो म्हणाला, ताई, लोक त्याच नावानं वळखतेत. मी म्हटलं, लोकांनी तिला एकदाही पाहिलेलं नाही. तो कबूल झाला.

हे तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच बरं. यातलंही एखादं वाक्य तुम्ही उचललं असतंत. फोन ठेवताना त्याने विचारलं, पुढची खुर्ची राखून ठेवू का. पुढे ते नाटक लागलं त्या प्रत्येक मंडईला माझं पोट दुखलं होतं, त्यामुळे तालमीतली ती दुपार सोडली तर तो प्रवेश मी कधी पाहिलेला नाही. ठेव म्हटलं. राग तसाच आहे. पण मला तो प्रवेश पाहायचा आहे.